पुण्यातली थंडी आणि थंडीतलं पुण्य

पुण्यात बर्फ पडत नाही, खोबरेल तेल गोठतं. आमच्याकडे हिवाळा सुरू झाल्याची घोषणा वेधशाळा करत नाही, तेलाची बाटली करते. एके सकाळी बाटली उपडी धरून, हलवून, आपटून, शेवटी तिच्यात काडी घालूनही थेंब बाहेर येत नाही. मग ती बाटली गॅलरीतल्या उन्हात नेऊन ठेवतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "पडली बाई एकदाची थंडी!" खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपासच गोठतं, त्याला थंडीची म्हणावी तशी गरजसुद्धा लागत नाही, हे मला शास्त्र शिकलेल्या भाच्यानं सांगितलं. पण पुणेकराला अभिमान बाळगायला एवढं कारण पुष्कळ झालं.

आणि तो अभिमान अगदीच बिनबुडाचा आहे असंही नाही. 17 जानेवारी 1935 रोजी पुण्याचं तापमान 1.7 अंशांपर्यंत उतरलं होतं. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता, तरी हा आकडा मी स्वतः काढल्यासारखा सांगतो. नाशिककर निफाडचा आकडा तोंडावर फेकतात, सातारकर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो नाचवतात. या दोघांनाही मी 1935 सालानं गप्प करतो. शेवटी वेधशाळा कुणाकडे आहे? सिमल्याचं हवामान खातं 1928 साली पुण्याला आलं, म्हणून त्या चौकाला आम्ही अजून सिमला ऑफिस म्हणतो. सिमल्याची थंडी सोडून जे ऑफिस पुण्याला येऊन राहिलं, त्यानं पुण्यात काहीतरी पाहिलंच असेल की!

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेली सहा वर्षं मी भर थंडीत पहाटे साडेपाचला सायकल चालवतो. हे वाक्य लिहितानाच माझी छाती दोन इंच फुगली. या लेखाचा विषय सायकल हा नसून ते दोन इंच हा आहे.

वास्तविक आमच्या पिढीनं सायकलचं कौतुक करणं म्हणजे माशानं पाण्याचं कौतुक करण्यासारखं आहे. 1970 च्या सुमाराला आम्ही कॉलेजात होतो, तेव्हा पुण्यात माणसं सायकलवरच जन्मतात की काय असं परक्या माणसाला वाटायचं. प्राध्यापक सायकलवर, पोस्टमन सायकलवर, खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की कामगारांची लाटच्या लाट सायकलवर. नळीतून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकायचं, गुडघे फोडायचे, मग सीटवर बसायचं, मग कॅरिअरवर मित्राला घेऊन डबलसीट जायचं आणि चौकाच्या अलीकडे त्याला उतरवायचं, हा आमचा अभ्यासक्रम. रात्री दिवा हवा. दिव्याला डायनामो. डायनामोची गंमत अशी, की सायकल पळत असेल तोवर झकास उजेड आणि हळू झाली की मिणमिण. पोलीस नेमका तिथे उभा असायचा जिथे सायकल हळू करावीच लागते. त्याला हे विजेचं शास्त्र समजावून सांगेपर्यंत तो चाकातली हवा सोडून मोकळा झालेला असायचा.

त्या काळी आम्ही थंडीतही सायकल चालवली. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्र रात्र चालायचा. शाल गुंडाळून, कानाला मफलर बांधून, डोक्यात भैरवी आणि हातात गार हँडल अशा स्थितीत कितीदा तरी पहाटे घरी आलो असेन. पण त्यात आपण काही पुण्यकर्म करतो आहोत असं एकदाही मनात आलं नाही. दुसरं वाहनच नव्हतं. स्कूटरसाठी नंबर लावलेला होता, तो येईपर्यंत सायकल. पुढे नंबर आला, स्कूटर आली, सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर आधी पोती, मग पोत्यांवर कुंड्या आल्या.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा." मी कुंड्या उतरवल्या, पोती झाडली, सायकल ओव्हरऑइल करून घेतली. आणि काय आश्चर्य! जी गोष्ट 1972 साली गरिबी होती, ती आता एकदम तत्त्व झाली. कोथरूडहून निघायचं, कर्व्यांच्या पुतळ्यावरून पौड फाटा, नळस्टॉप, म्हात्रे पूल आणि दांडेकर पुलावरून सारसबागेपर्यंत. तिथे बाहेरच्या कट्ट्यावर आमची निवृत्तांची बैठक. बाकीचे चालत किंवा स्कूटरवर येतात. मी एकटा सायकलवर. तिथे पोचल्यावर हात चोळत, तोंडातून वाफ काढत मी एवढंच म्हणायचो, "आज आठ आहे बरं का, शिवाजीनगर."

या आकड्याचीही एक कला आहे. पुण्याचं तापमान दोन ठिकाणचं देतात, शिवाजीनगर आणि लोहगाव. हिवाळ्यात लोहगावचा पहाटेचा आकडा बहुधा दोन-चार अंशांनी जास्त असतो. मी जन्मात कधी लोहगावचा आकडा उच्चारलेला नाही. दुसरं म्हणजे सगळ्यात कडक थंडी मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या जरा आधी असते, कारण जमीन रात्रभर आपली ऊब आभाळात सोडत बसलेली असते. मी बरोबर तीच वेळ धरलेली. गार हवा जड असल्यामुळे सखल जागी उतरून साचते. म्हात्रे पुलाजवळ नदीपाशी आलं की कुणीतरी ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. शिवाय सायकलच्या वेगाचा वारा. आठ अंश असले तरी अंगाला पाचच लागतात. हे सगळं मी कट्ट्यावर रोज हप्त्याहप्त्यानं सांगत असे. ज्या दिवशी पेपरात 14 छापून येई, त्या दिवशी माझा चेहरा पडे. माणसं महागाईचा आकडा खाली यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. मी तापमानाचा आकडा खाली यावा म्हणून ठेवत होतो.

हातमोजे मी वापरत नव्हतो. हातमोजे घातले म्हणजे पुण्यात वजावट झाली, असं माझं गणित. माझ्या या व्रताची खिल्ली उडवायला प्रत्यक्ष गजाननानंही कमी केलं नाही. सारसबागेच्या गणपतीला दर हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर आणि टोपी घालतात. देव स्वेटर घालून उबेत बसलेला आणि भक्त समोर कुडकुडत उभा, हे दृश्य पाहून आमचं कुटुंब म्हणालं, "त्याला बुद्धीची देवता उगाच नाही म्हणत."

आता तुम्ही म्हणाल, थंडीत कुडकुडण्यात पुण्य असतं ही कल्पना आणली कुठून? ती माझी नाही, आपल्या रक्तातच आहे. कार्तिकात पहाटे उठून काकडआरती, थंडीत गार पाण्यानं कार्तिकस्नान, त्याहून गारठ्यात माघस्नान. वैशाखात गार पाण्यानं आंघोळ केल्याचं कौतुक कुणी करत नाही. आपल्याकडे पुण्याचा भाव आणि तापमानाचा पारा यांचं नातं पहिल्यापासून उलटं आहे. आणि आमच्या गावाचं नावच बघा! राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात या प्रदेशाला 'पुण्यविषय' म्हटलंय. अशा गावात राहून आठ अंशांत सायकल चालवणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होऊ नये?

ही शंका मी एकदा घरात मोठ्यानं बोलून दाखवली. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या आधी दूधवाला येतो, त्याच्या आधी पेपरवाला पोरगा येतो, त्याच्याही आधी रस्ता झाडणाऱ्या बायका येतात. थंडीचं पुण्य मिळत असेल तर तुमच्यापुढे केवढी रांग आहे बघा. आणि त्यांना मिळत नसेल, तर तुम्हाला कशापायी मिळावं?"

निवृत्त माणसाला उत्तर सुचायला वेळ पुष्कळ असतो, पण उत्तर असावं लागतं. मी तात्पुरतं म्हणालो, "त्यांचं निराळं. त्यांना करावं लागतं. मी आपखुशीनं करतो." म्हणालो खरा, पण पुढे कितीतरी दिवस पायडल मारताना हे वाक्य मला टोचत राहिलं. ज्याला थंडी टाळता येते, त्यानं ती न टाळणं हे तप. ज्याला टाळता येत नाही, त्याची ती नुसती थंडी. म्हणजे तप करायला आधी ऐपत लागते असंच झालं की!

भाच्याकडून काही आधार मिळतो का म्हणून मी त्याला फोन केला. तो फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावात असतो. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम खाली. तिथे डिसेंबरात दिवसाचा उजेड चार तासही धड नसतो आणि पारा शून्याखाली 20 पर्यंत सहज जातो. अशा हवेत तिथे माणसं सायकलवर कामाला जातात, पोरं सायकलवर शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली याच गावात भरली होती. मला वाटलं, तिथे प्रत्येक सायकलस्वाराचा चौकात सत्कार होत असेल.

"नाही हो मामा," तो म्हणाला, "इथे कुणी त्याबद्दल बोलतसुद्धा नाही. लोक उठायच्या आत नगरपालिका सायकलच्या रस्त्यावरचा बर्फ दाबून सपाट करते, वर बारीक खडी टाकते. टायरला खिळे लावून मिळतात. उणे वीसला सायकल उलट चांगली पकड घेते. वाईट काय, तर शून्याच्या आसपास. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, वर पाण्याचा थर राहतो, तेव्हा माणूस आपटतो. तसं तुमच्याकडे आठला आपटायचं काही कारण नाही."

"आणि धैर्य?" मी आशेनं विचारलं.

"हातमोजे लागतात," तो म्हणाला.

आठला आपटायचं काही कारण नाही हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, पण भाच्यानं पुणं सोडून बरीच वर्षं झाली आहेत.

आता त्या मुलाबद्दल सांगायला हवं. आमच्या चौकात पहाटे बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पेपरचे गठ्ठे सुटतात. पोरं पुरवण्या आत घालतात, आपापल्या लाईनप्रमाणे गठ्ठे लावतात आणि सायकलला पिशव्या अडकवून पांगतात. शिवाजीनगरचा आकडा घरी पेपर येण्याआधी कळावा म्हणून मी तिथे थांबून एक पेपर विकत घेत असे. आमच्या सोसायटीची लाईन टाकणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तो वाचू नका, आत घाला. छातीशी. वारा लागत नाही." आणि त्यानं शर्टाचं बटण काढून स्वतःच्या छातीवरचा कालचा पेपर दाखवला.

मी करून पाहिलं. खरोखर वारा लागेना. पुढे वाचनात आलं, की फ्रान्समधल्या त्या जगप्रसिद्ध शर्यतीतले सायकलपटूही डोंगरमाथ्यावरून उतार सुरू करण्यापूर्वी छातीवर वर्तमानपत्र खुपसत असत. मला ही विद्या आमच्या चौकात चार-पाच रुपयांत मिळाली. त्या दिवसापासून 'किमान तापमान 8.4' ही बातमी मी शब्दशः हृदयाशी धरून सायकल चालवू लागलो.

स्वेटर का घालत नाहीस, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "जिने चढून घाम येतो. घामावर वारा लागला की जास्त थंडी वाजते." मी त्याला माझी जुनी माकडटोपी देऊ केली. ती त्यानं उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ही घातली की कुत्री मागं लागतात, काका." मीही ती टोपी घालत होतो. माझ्या मागे एरंडवण्यातली कुत्री का लागतात याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आणि मग मी पडलो.

कर्व्यांच्या पुतळ्यापासून पौड फाट्याकडे येताना हलका उतार आहे. सायकल आपोआप धावते. त्या उतारावर रात्रीतून एक गतिरोधक उगवला होता. त्याच्यावर पांढरे पट्टे नव्हते, माझ्या सायकलला दिवा नव्हता. तरीसुद्धा तो मला दिसला. दिसल्यावर मी ब्रेक दाबायचं ठरवलं. मेंदूनं हुकूम दिला, तो खांद्यातून कोपरापर्यंत आला, पण बोटांनी तो स्वीकारलाच नाही. बोटं गारठून हँडलला लाकडासारखी चिकटली होती. ज्या हातमोज्यांनी माझ्या पुण्यात वजावट झाली असती, त्यांची आठवण मला हवेत असताना आली.

फार लागलं नाही. गुडघा, कोपर आणि अब्रू एवढंच खरचटलं. पण चेन निघून फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मध्ये अशी काही अडकली होती की मला ती हलवता येईना. तेवढ्यात हा मुलगा पेपर घेऊन आला. थांबला. आधी त्यानं मला कडेला बसवलं, मग सायकल. चाकाचे नट सैल करायला पाना हवा होता. तो आणायला तो चौकात परत गेला, आला, चेन सोडवली, हँडल सरळ केलं, माझ्याकडून चार पावलं चालवून घेतली आणि मगच गेला. या सगळ्यात चांगला पाऊण तास मोडला. जाताना म्हणाला, "काका, दिवा लावा हो. तुम्ही दिसतच नाही."

मी रमतगमत घरी आलो. हिला सांगितलं, "चेन पडली होती." खोटं नाही, चेनही पडली होती.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. लिहिणारे आमचे सेक्रेटरी. "आज पेपर पावणेआठला आला. हे आठवड्यात दुसऱ्यांदा. एजंटकडे तक्रार करत आहे. सर्वांनी पाठिंबा द्यावा." पाठोपाठ अंगठे उमटू लागले. एक, चार, नऊ, तेरा. मी बघत होतो. आता एक ओळ लिहायची होती: आज मुलाला उशीर झाला तो माझ्यामुळे. पण ती लिहिली की पुढची ओळ येणारच: कसा काय? मग मी पडलो हे सांगावं लागणार. आणि सहा वर्षांत एकदाही पडलो नाही, हे तर मी कट्ट्यावर, लिफ्टमध्ये आणि वार्षिक सभेतसुद्धा सांगितलेलं. शिवाय मी एकट्यानंच अंगठा दिला नाही, तर ते उठून दिसणार. मी अंगठा दिला. चौदावा.

ते दोन इंच म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी पेपर दुसऱ्याच मुलानं टाकला. दोन दिवस मी त्याचा विचार न करण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी चौकात जाऊन एजंटला विचारलं. तो गठ्ठे मोजता मोजता म्हणाला, "त्याची लाईन बदलली. तुमच्या सोसायटीचीच कंप्लेंट होती ना. आता टेकडीकडची लाईन दिलीय." आमच्याकडे लिफ्ट आहे. टेकडीकडच्या त्या जुन्या बिल्डिंगांना नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. पडलो ते, पाना, पाऊण तास, सगळं. त्यानं मोजणं थांबवलं आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत, साहेब?"

कार्तिकस्नानापासून फिनलंडपर्यंत मी एवढा हिंडलो, पण माझ्या सबंध तपाला अडचणीत आणणारा प्रश्न मला फुटपाथवर बसून पुरवण्या घालणाऱ्या माणसानं विचारला. "आता नव्या पोराला ती लाईन लावली," तो म्हणाला, "त्याला कसं काढू? त्याचं काय चुकलं?" हेही बरोबर होतं. चूक करायला एक अंगठा पुरला होता. ती निस्तरायला दोन्ही हात पुरेनात.

मुलगा भेटला. मी त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली. माझ्या मनात पुढचा सगळा प्रवेश बसवलेला होता: तो नको म्हणणार, मी आग्रह करणार, त्याचे डोळे भरून येणार, कदाचित माझेही. त्यानं नोट घेतली, "थँक्यू काका" म्हणाला आणि खिशात घातली. झालं! पुण्य जमा करायची एवढी चांगली संधी त्यानं दोन सेकंदांत संपवली. नवी लाईन कशी आहे, विचारलं तर म्हणाला, "चढ आहे. थंडी वाजत नाही." मग माझ्या सायकलकडे बघून, "दिवा अजून नाही?"

त्या रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं. आपल्या कबुलीनं सोसायटी हादरेल, चार लोक सेक्रेटरींना जाब विचारतील, मुलाची लाईन परत मिळवायला शिष्टमंडळ जाईल, असं मला वाटलं. अकरा जणांनी 'लवकर बरे व्हा' म्हणून फुलांचे गुच्छ पाठवले. एकानं गुडघ्यासाठी तेल सुचवलं. सेक्रेटरींनी लिहिलं, "या वयात सायकल चालवू नये." मुलाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितलं, तर तिथेही चर्चा गतिरोधकावर गेली. कबुलीजबाब दिला की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही, आणि हे बरंच झालं असं आता वाटतं. हलकं झालं असतं तर तेही मी सांगत सुटलो असतो.

खांडेकरांच्या कादंबरीमुळे ययाती आपल्याला तारुण्य मागणारा राजा म्हणून ठाऊक आहे. महाभारतात त्याची गोष्ट तिथे संपत नाही. तो पुढे कडक तप करून स्वर्गात जातो. तिथे इंद्र त्याला विचारतो, तपात तुझ्या तोडीचा कोण? ययाती म्हणतो, देव, माणसं, गंधर्व, ऋषी यांत मला तर कुणी दिसत नाही. एवढं म्हणायचा अवकाश, त्याचं पुण्य सरतं आणि तो स्वर्गातून खाली पडतो. मी नुसता उतारावरून पडलो, म्हणजे तसा स्वस्तात सुटलो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतलं जे सत्कारासाठी, मानासाठी, देखाव्यासाठी केलेलं ते राजस, आणि ते टिकत नाही. हवामानखात्याचा आकडा सांगून केलेलं तप कोणत्या प्रकारात बसतं, हे त्या ठिकाणी दिलेलं नाही. पण अंदाज करता येतो.

मी रोज ज्या पुतळ्याला वळसा घालतो, त्या कर्व्यांचाही मी या निमित्तानं पुन्हा विचार केला. 1900 साली त्यांनी विधवांचा आश्रम हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि मग हिंगण्यापर्यंत चालत जायचं. ऊन, पाऊस, चिखल, काय असेल ते. आज ज्याला कर्वे रोड म्हणतात तिथे तेव्हा रस्ता म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण अण्णांनी चालण्याचा हिशेब ठेवला नाही, कारण त्यांचं लक्ष पायांकडे नव्हतं; पलीकडे मुली वाट बघत होत्या. त्या वाटेच्या टोकाला कुणीतरी होतं. माझ्या वाटेच्या टोकाला कट्टा होता.

तेव्हा माझ्यापुरता मी असा निकाल लावला आहे. थंडीत पुण्य नाही. कष्टात आपोआप पुण्य असतं, तर जगातले सगळे हमाल स्वर्गात आणि आपण सगळे बाहेर असतो. आणि कष्टात पुण्य आहे असं म्हणत राहणं फार सोयीचंही असतं, कारण मग ज्याला ते भोगावे लागतात त्याच्यासाठी काही करावं लागत नाही. त्या ओउलूच्या नगरपालिकेनं बघा, थंडीतलं पुण्यच काढून टाकलं. रस्ता साफ केला, उजेड केला. आता तिथे आठ वर्षांच्या पोरालाही सायकलवर जायला शौर्य लागत नाही. ज्या गावात रोजच्या साध्या गोष्टीला शूर माणूस लागतो, त्या गावाचं काहीतरी चुकतंय असं समजावं. आमच्याकडेही सायकलचे रस्ते झाले. 2017-18 च्या सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि हळूहळू दिसेनाशा झाल्या. पण तो विषय निघाला की पुणेकर पुन्हा सकाळपर्यंत थांबत नाही, म्हणून इथेच सोडतो.

मग मी सायकल का चालवतो? खरं सांगू? मजा येते म्हणून. पहाटेचा रस्ता मोकळा असतो. कुठेतरी पाला पेटवलेला असतो, त्याचा वास येतो. नळस्टॉपला पहिल्या चहाची वाफ दिसते. चढ चढून अंग तापलं की गार वारा गोड लागतो. हे मी इतकी वर्षं तपाच्या नावावर चोरून खात होतो. श्रीखंड खाल्ल्याचं पुण्य कुणी सांगत फिरत नाही. मजा म्हटलं की फुशारकी आपोआप बंद होते, आणि ज्याला त्याच थंडीत मजा येत नाही तो माणूस जरा नीट दिसायला लागतो.

आता मी हातमोजे घालतो. सायकलला दिवा बसवला आहे. हा बॅटरीवर चालतो, हळू गेलं तरी विझत नाही. फक्त विझला तर हवा सोडायला पोलीस उरलेला नाही. आमच्या सोसायटीत पेपर उशिरा आला तर ग्रुपवर पहिला निरोप माझा असतो: "येईल. थांबा." त्याला आजवर दोन अंगठे मिळाले आहेत, त्यांतला एक हिचा. टेकडीकडच्या लाईनवर तो मुलगा अजून आहे. कधी कधी पहाटे समोरून येतो. माझा दिवा बघून हात वर करतो. मी घंटी वाजवतो. आम्ही दोघंही थांबत नाही. त्याला उशीर होतो.

आकडा सांगणं मी सोडलं आहे. कट्ट्यावर आता कुणी विचारलं तरी मी "गार आहे बुवा" एवढंच म्हणतो.

आज 7.9 होतं. शिवाजीनगर. हे आपलं तुम्हाला म्हणून सांगितलं.